ह्यांचं रात्रीचं अंथरूण ओलं होतंय, काय करू?

खानापूरची वहिनी
नमस्कार सगळ्यांना. आमच्या ह्यांना ७१ वर्षं, डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, हाय म्हणून दोन वर्षांमागं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसा तसं बरं असतंय ओ, पेपर घेऊन बसतात, एकच पान परत परत वाचतात पण बसतात. गेल्या महिन्याभरात मात्र रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलंय, आठवड्यातनं तीन-चार वेळा. पहिल्यांदा म्हणाले तांब्या सांडला, मला पण खरंच वाटलं. मग एक दिवस कपाटात माझ्या साड्यांच्या खाली ओला लेंगा सापडला, नीट घडी करून ठेवलेला. म्हणजे त्यांना कळतंय आणि लाज वाटतीय, तेच मला बघवत नाही. त्यात आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, वाकळ चार-चार दिवस वाळत नाही, घरभर वास. मुलानं डायपर आणलं तर "मी काय बाळ हाय काय" म्हणून फाडून टाकलं. परवा मी वैतागून ओरडले आणि मग न्हाणीत जाऊन रडत बसले. संध्याकाळपासनं पाणीच बंद करू काय?

वडगावकर
वहिनी, ओरडल्याचं मनाला लावून घेऊ नका, मी पण ओरडलोय बायकोवर. आमच्याकडं सहा वर्षं चाललंय हे. एक विचारतो, ते रात्री उठतात काय, आणि उठून कुठं जातात? आमची ही उठून सरळ मागच्या दाराला जायची, कडी काढायला बघायची, मला वाटायचं घर सोडून चाललीय, मी धरून आणून झोपवायचो आणि पाच मिनिटांत सगळं ओलं. लई दिवसांनी डोक्यात उजेड पडला, हिच्या माहेरी संडास मागं परड्यात होता, ही तिकडंच निघालेली असायची आणि मीच अडवत होतो. आता संडासाचं दार रात्रभर उघडं, आत दिवा चालू, पलंगावरनं सरळ दिसेल असा, वाटेतली खुर्ची-बिर्ची बाजूला. लाईट बिल येऊ दे की. आणि नाडीचा लेंगा बंद करा, अंधारात गाठ सुटत नाही त्यांना, इलॅस्टिकची पॅन्ट घाला.

निपाणीची रिटायर सिस्टर
वडगावकरांचं बरोबर हाय पण आधी तपासणी. महिन्याभरातच सुरू झालंय म्हणता, मग सगळं डिमेन्शियावर घालू नका. लघवीची तपासणी, शुगर, प्रोस्टेट, पोट साफ होतंय काय ते बघा, मळ साठला की मूत्राशयावर दाब येतो. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तरी कधी ताप नाही जळजळ नाही, नुसता गोंधळ वाढलेला दिसतो. बीपीची पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त करणारी, चालू असली तर किती वाजता देता ते डॉक्टरांना सांगा, ती बहुतेक सकाळी देतात. विसरण्यावरची डोनेपेझिल चालू असली तर तेही सांगा, तिनं काही जणांना असा त्रास होतो. मनानं गोळी बंद करू नका. मूत्राशय शांत करायच्या काही गोळ्यांनी डोकं आणखी गोंधळतं, म्हणून मेडिकलमधनं परस्पर काही आणू नका.
अजून एक, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतात काय? विसरणं, तसली चाल आणि लघवी तिन्ही एकत्र असलं तर मेंदूत पाणी साठल्यामुळं पण असू शकतं, आणि त्यातल्या काही जणांना ऑपरेशननं फरक पडतो. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारा.
पाणी बंद करायचं नाही! लघवी घट्ट होऊन उलट जास्त त्रास होतो. दिवसभर भरपूर द्या, सहा-सातनंतर कमी, संध्याकाळचा चहा बंद. पायाला सूज असली तर दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून झोपवा, नाहीतर रात्री आडवं झालं की ते सगळं पाणी लघवीला उतरतं.

खानापूरची वहिनी
सिस्टर, पायाला सूज हाय की ओ, आणि पाण्याची गोळी मी रात्री जेवणानंतर देत होते, बाकीच्या गोळ्यांबरोबर विसरायला नको म्हणून! सोमवारी डॉक्टरकडं जाताना सगळी पाकिटं घेऊन जाते.

चिकोडीचा पोरगा
काकू, डायपर म्हणू नका त्यांच्यासमोर. आम्ही आजोबांना "रात्रीची चड्डी" म्हणून दिली, पॅन्टसारखी वर ओढायची असते तसली, गुपचूप घातली. आणि वाकळीवर मेणकापड, त्यावर जुनं सुती लुगडं चौपदरी, तेवढंच रात्री बदलायचं. ओल्यात झोपू देऊ नका, कातडी सोलते, पुसून कोरडं करून व्हॅसलिन लावा. तुम्ही एकट्याच करताय काय सगळं? मुलाला एक आड एक रात्र लावा की कामाला.

खानापूरची वहिनी
मुलगा पुण्याला, सुट्टीला येतो फक्त. काल दार उघडं ठेवून दिवा लावला आणि दीडला मीच हाक मारली, "चला, मला भीती वाटतीय, संडासापर्यंत सोबत या" म्हणून. आले मुकाट्यानं, आणि स्वतःच आधी आत गेले. पहाटे परत ओलं होतं, पण थोडंच. मेणकापड मीटरवर मिळतं काय बेळगावात?

चिकोडीचा पोरगा
मिळतं, सर्जिकल दुकानात विचारा. दोन घ्या, पावसात एक वाळत नाही.