पोच मिळते, उत्तर मिळत नाही

कोथरूडची लेक: "नको ते मेसेज डिलीट करायला दोन सेकंद लागतात, एवढा बाऊ कशाला?" असं काल इथे एकाने लिहिलं. वाचून झोप लागली नाही. बाबा मार्चमध्ये गेले. खातं बंद करायला बँकेला मृत्यूच्या दाखल्यासकट मेल केला. मिनिटभरात उत्तर: "आपला मेल मिळाला, 48 तासांत संपर्क करू." चार मेल केले, चारही वेळा हेच. आणि त्याच बँकेकडून बाबांच्या फोनवर दर आठवड्याला: "अभिनंदन! तुमचं कर्ज मंजूर." आई तो फोन बंद करू देत नाही. प्रत्येक मेसेज वाचते. आता मोजा दोन सेकंद.

खिडकीपलीकडचा: वाईट वाटलं, ताई. पण मी नऊ वर्षं अशीच तक्रारींची मेलपेटी सांभाळतोय. पोच गेली नाही की माणूस तोच मेल पाच ठिकाणी टाकतो आणि पाचही रखडतात. शिवाय 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे हीच पोच दाखवायची असते.

सांगलीकर: लोकपाल राहू द्या, आधी 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज नकोत अशी नोंद, लावा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'पी' असलेला मेसेज म्हणजे जाहिरात. 140 ने सुरू होणारा फोन उचलूच नका. सोय असून लोक रडत बसतात.

दुकानदार: डीएनडी दोन वर्षं लावलंय! आता साध्या दहा आकडी नंबरांवरून फोन येतात. गिऱ्हाईक असेल म्हणून उचलावे लागतात. काल मापं घेताना सहा वेळा. व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातींना तर तुमचं 1909 लागूच नाही.

सांगलीकर: मग तक्रार करा ना! 7 दिवसांच्या आत करता येते. एका नंबरवर 10 दिवसांत 5 तक्रारी झाल्या की कारवाई होते. किती केल्यात?

दुकानदार: एकही नाही. दुकान कोण चालवणार? त्रास त्यांनी द्यायचा आणि खेटे मी घालायचे?

सांगलीकर: बरं, व्हॉट्सअॅपचं खरं आहे. तिथे माझ्याकडेही उपाय नाही.

कोथरूडची लेक: खिडकीवाले दादा, पोचेचं तुमचं मान्य. चारही जपल्यात, पहिलीला 41 दिवस झाले. आज अर्ज करते. पण ज्या यंत्राला मिनिटात पोच देता येते, त्याला दाखला जोडलेल्या माणसाचं नाव कर्जाच्या यादीतून काढता येत नाही? आणि सांगलीकर, 'रडत बसतात' हे आधी मागे घ्या.