सगळं परफेक्ट लागणं आणि स्वतःचं शरीर न आवडणं, याचा काही संबंध असतो का?

रातकिडा:
वहीत एक खाडाखोड झाली की अख्खं पान फाडून परत लिहायचं, अशी मी पहिल्यापासून. आता ऑफिसात मेल पाचदा वाचून पाठवते, त्याचं कौतुकही होतं, पण तीच नजर आरशापुढेही सुटत नाही. काल ग्रुप फोटो आला, अकरा जणी होतो, मी नुसता माझा दंड झूम करून बघत बसले. वजन कमी केलं तरी तेच, आधी पोट खुपायचं आता हनुवटी. की मी उगाच जोडतेय हे?

शाईचा_डाग:
उगाच नाही गं. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले, स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोकांना आपण परफेक्टच हवे आहोत असं वाटत राहणं. हा तिसरा आणि चुकायची धास्ती, शरीराबद्दलच्या नाराजीशी जास्त जोडलेलं हेच दिसतं. नुसती चांगलं करायची हौस तेवढी नाही.

निवांत:
मी पुरुष आहे, मलाही होतं हे. मेल एकदाचा पाठवला की विषय संपतो, शरीर कुठे पाठवणार? मी टेपने कंबर मोजायचो, जेवायच्या आधी, जेवल्यावर, झोपताना, आणि टेप जरा तिरकी धरली तरी आकडा बदलतो, की परत मोज. याला बॉडी चेकिंग म्हणतात. तपासून बरं वाटतं दहा मिनिटं, मग शंका दुप्पट. समुपदेशक मॅडमनी फक्त प्रत्येक वेळी वहीत रेघ मारायला सांगितली, पहिल्या दिवशी तेवीस रेघा!! नंतर टेप कपाटात, आणि आरसा बघायचा तो हातभर लांबून, कपडे घालताना. उलटंही असतं हां, काही जण फोटोतच येत नाहीत, तेही त्यातलंच.

खडूस_काका:
मग काय गबाळं राहायचं का?

निवांत:
नाही हो काका, दाढी करतोच की. फक्त एका बाजूचा कल्ला केसभर वर गेला म्हणून लग्नाला जायचं रद्द करत नाही, पूर्वी केलंय.

शाईचा_डाग:
रातकिडा, जेवण टाळणं, खाऊन उलटी काढणं असलं काही चालू असेल तर मात्र इथे विचारत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

रातकिडा:
नाही, तसलं काही नाही. काल रेघा मारल्या, संध्याकाळपर्यंत सतरा. आणि तो फोटो परत उघडला तर माझ्या शेजारची चक्क डोळे मिटून उभी आहे, तिने तोच डीपी ठेवलाय.