कावळा बसला, फांदी मोडली: असा विजय कोणाचा?

पिथमपूरकर

विषय सरळ मांडतो. इंदूरहून राऊ ओलांडून पुढे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक. तिथे बाहा एसएईइंडियाची, म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेची, चार तासांची एन्ड्युरन्स (टिकण्याची शर्यत) होत आली आहे. इंजिन सगळ्या संघांना सारखं, वर्षानुवर्षं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं. चार तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो वर. आता समजा पहिली गाडी दोन फेऱ्यांनी पुढे आहे, वीस मिनिटं उरली आहेत आणि उडीवरून उतरताना तिचा मागचा ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) निसटला. दुसरा संघ जिंकला. इंदुरात लगेच सुरू होतं: आयतं मिळालं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

मला हे मान्य नाही. शाफ्ट नशिबानं निसटत नाही. उडीत चाक पूर्ण खाली लोंबतं, शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याला जास्त लांबी लागते. आतल्या ट्रायपॉड जॉइंटमध्ये (कपात सरकणाऱ्या तीन रोलरांचा सांधा) सरकायला तेवढी जागा नसेल, तर रोलर कपाच्या बाहेर येतात. हे कार्यशाळेतच कळतं. शॉकॲब्झॉर्बर काढायचा, चाक हातानं वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत न्यायचं आणि दर सेंटिमीटरला जॉइंट किती बाहेर आला ते लिहून ठेवायचं. मग खालच्या टोकाला नायलॉनचा पट्टा बांधून लोंबकळ थांबवायची. दुसऱ्या संघानं हे केलं असेल, तर त्यानं चार तास गाडी जपली आणि त्याचीच किंमत वसूल केली. चार तासांच्या शर्यतीत जपणं हा वेगाइतकाच खेळाचा भाग आहे.

चौथा गिअर

शाफ्टचं गणित बरोबर. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे पश्चातबुद्धी आहे. जो जिंकला त्याची तयारी चांगली होती असं निकालानंतर कोणालाही म्हणता येतं.

२०१६ चं ल मान घ्या, फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. टोयोटाची ५ क्रमांकाची गाडी मिनिटाहून जास्त आघाडीवर होती. काझुकी नाकाजिमा चालवत होता. शेवटच्या काही मिनिटांत गाडीची ताकद गेली आणि जेमतेम तीन मिनिटं उरलेली असताना ती मुख्य स्टँडसमोर थांबली. कारण निघालं टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड. गाडी कशीबशी परत चालू केली, पण शेवटची फेरी ठरलेल्या सहा मिनिटांत न बसल्यामुळे निकालपत्रात दुसरा क्रमांकसुद्धा मिळाला नाही. चोवीस तास संपत आले तेव्हा सर्वांत पुढे आणि कागदावर काहीच नाही! टोयोटानं जपण्यात कोणती कसूर केली होती, सांगा. पोर्शेनं तेव्हा टोयोटाबद्दल जाहीरपणे आदर व्यक्त केला, म्हणजे जिंकलेल्यांनाही आतून कळलं होतं. विजय पोर्शेचाच लिहिला जावा. फक्त त्याला श्रेष्ठत्व म्हणू नये.

सौदामिनी

दोघंही फक्त यंत्राच्या बिघाडाबद्दल बोलताय. माझा आक्षेप दुसऱ्या नशिबाला आहे, जे नियम वाटतात.

फॉर्म्युला वन घ्या. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत टायर बदलायला थांबतात तिथे, वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किमी असते. एरवी टायर बदलायला गेलं की आत जाणं, थांबणं, बाहेर येणं धरून साधारण २० ते २५ सेकंद जातात, कारण तेवढ्यात बाकीचे पूर्ण वेगानं निघून जातात. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवायला लावणारी गाडी) आली की बाहेरचेही रेंगाळतात. तुमचा पिटमधला वेग तोच राहतो, त्यांचा मात्र पडतो. तोच थांबा जवळपास निम्म्या किमतीत पडतो. म्हणजे जो दोन फेऱ्या आधी थांबला तो पूर्ण दाम मोजून बसला, आणि ज्यानं थांबा पुढे ढकलला त्याला सवलत. यात कौशल्य कुठे आहे? सेफ्टी कार बाहेर असेपर्यंत पिट बंद ठेवा, प्रश्न मिटला.

आणि २०२१ चं बेल्जियममधलं स्पा तर शर्यत म्हणण्याच्या लायकीचंही नव्हतं. पावसात सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या, ओव्हरटेक एकही नाही आणि वेर्स्टापेनच्या खात्यात १२.५ गुण.

टायरवाले काका

सौदामिनीताई, पिट बंद ठेवायचा नियम करून झाला आहे. २००७ आणि २००८ मध्ये होता. सेफ्टी कार आली की गाड्या एकामागे एक जमेपर्यंत पिट बंद. त्या काळी शर्यतीत इंधन भरत. ज्याची टाकी रिकामी होत आली होती त्याला बंद पिटमध्ये जाऊन शिक्षा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २००८ च्या सिंगापूरला रोझबर्ग आणि कुबित्सा यांचं तेच झालं. तिथेच अलोन्सो पंधराव्या जागेवरून सुटला, बाराव्या फेरीत सगळ्यांच्या आधी थांबला आणि लगेच त्याच्याच संघाचा पिके ज्युनिअर भिंतीवर आदळला. अलोन्सो जिंकला. वर्षभर लोक म्हणाले, काय नशीब! २००९ मध्ये बाहेर आलं की तो अपघात संघानं ठरवून घडवला होता. पिट बंद नसता तर हा कट इतका फळलाच नसता. नियमामुळे नशीब कमी झालं नाही, फक्त कोणाला कधी लाभेल ते ठरवून ठेवता आलं. २००९ पासून तो नियम काढला, हे उत्तम झालं.

इटलीतल्या मोन्झाला २०२० मध्ये पिट वेगळ्या कारणानं बंद होता. मॅग्नुसनची गाडी पिटच्या तोंडाशी उभी राहिली होती. गॅस्ली थोडंच आधी थांबून गेला होता. हॅमिल्टन बंदीचे दिवे न पाहता आत गेला आणि त्याला दहा सेकंद थांबून जाण्याची शिक्षा झाली. मग लक्लेरच्या अपघातामुळे लाल झेंडा, म्हणजे शर्यत काही वेळ थांबवली. इथपर्यंत गॅस्लीला नशिबानं हात दिला, कबूल. पण त्यानंतर मागून साइन्झ चढत आला आणि गॅस्लीनं त्याला शेवटपर्यंत रोखलं. फरक ०.४१५ सेकंद. एवढ्या अंतरावर मागची गाडी असताना ब्रेक पाच मीटर उशिरा लागला तरी जागा जाते. फुकट मिळालेली आघाडी आणि राखलेली आघाडी यात फरक करायला हवा.

सौदामिनी

काका, पिट बंद ठेवण्याचा माझा हट्ट मागे घेते. सिंगापूरचं उदाहरण त्याच्या विरोधात जातं हे खरं. पण लाल झेंड्याखाली टायर बदलायला मोकळीक, तिला काय म्हणाल? मोन्झाला स्ट्रोल तोवर एकदाही थांबला नव्हता. त्याला उभ्या गाडीला नवे टायर मिळाले आणि एक सेकंदही गेला नाही. फाटलेला टायर बदला, बाकीचे टायर आहेत तेच ठेवा, असा नियम का नको?

टायरवाले काका

कारण फाटलेला कोणता हे ठरवणार कोण? कडेच्या तुकड्यांवरून गाडी गेली की चीर बाहेरून दिसत नाही. हवेचा दाब हळूहळू उतरतो आणि तो ताशी ३०० किमीला कळून उपयोग नसतो. सुरक्षिततेच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

मल्हारी

अरे भियांनो, आपल्याच माणसाला विसरलात. इंडियानापोलिस २००५. मिशेलिनचे टायर तेराव्या, आत झुकत्या उताराच्या वळणावर टिकेनात. शुक्रवारी राल्फ शूमाखरची गाडी तिथेच आदळली होती. त्या वर्षी एकाच टायर संचावर पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत काढायची होती, त्यामुळे भार जास्त. मिशेलिनवाल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप (सुरुवातीआधीची फेरी) करून पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा. फेरारीच्या दोन पुढे, मग जॉर्डन संघाचा मोन्तेरो तिसरा आणि नारायण कार्तिकेयन चौथा. ५ गुण. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय.

आता ते गुण आयते म्हणायचे का? माझं उत्तर: अजिबात नाही. ७२ फेऱ्या गाडी रस्त्यावर ठेवणं, तेही मोकळ्या ट्रॅकवर जिथे लक्ष सहज ढळतं, हे काम त्यानं केलं.

चौथा गिअर

मल्हारी, गुण परत करा असं कोणी म्हणत नाहीये. पण पुढच्या पिढीला सांगताना "चौथा आला" एवढंच सांगू नका, "सहा गाड्यांत चौथा" असं पूर्ण सांगा. कार्तिकेयनची खरी मोठेपणाची गोष्ट तिथवर पोचण्यात आहे, आणि ती अर्धं सत्य सांगून वाढत नाही.

पिथमपूरकर

पूर्ण सांगा, याला माझाही दुजोरा. आणि पूर्ण सांगायचं तर १९५८ ची पोर्तोची फॉर्म्युला वन शर्यत सांगावीच लागेल. माइक हॉथॉर्न बंद पडलेली गाडी ढकलून उलट दिशेनं नेत होता म्हणून त्याला बाद करण्याची तयारी झाली. स्टर्लिंग मॉस स्वतः जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाला की गाडी पदपथावर होती, ट्रॅकवर नव्हती. हॉथॉर्नचे ७ गुण वाचले. वर्षअखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसनं चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननं एक. हॉथॉर्नच्या विजेतेपदाला नशिबाचं म्हणा हवं तर, पण ते नशीब त्याला प्रतिस्पर्ध्यानं शुद्धीवर राहून दिलं. खिलाडूवृत्ती याहून वेगळी काय असते?

चौथा गिअर

मॉसपुढे मीही हात जोडतो. पण तपशील अर्धा आहे. त्याच शर्यतीत मॉसच्या संघानं चालकाला पिटमधून दाखवायच्या फळीवर लिहिलं होतं "हॉथ रेक", म्हणजे हॉथॉर्ननं सर्वांत वेगवान फेरी काढली आहे. मॉसनं वाचलं "हॉथ रेग", म्हणजे नेहमीसारखंच चालू आहे. त्यानं वेग वाढवला नाही. त्या काळी वेगवान फेरीला १ गुण होता आणि तो हॉथॉर्नकडे गेला. विजेतेपद किती गुणानं गेलं? एका. साक्षीनं गेलं तेवढंच एका अक्षरानंही गेलं. फळीवर आखूड शब्द लिहिताना एका नजरेत वेगळे दिसतील असेच लिहायचे, हा धडा बाहाच्या पिटमध्ये आजही लागू आहे.

रेवा

मग परत पिथमपूरला येऊया, कारण तिथे हा प्रश्न हाताशी आहे. पहिल्या संघाची गाडी तुमच्या शेजारच्या पिटमध्ये उभी आहे, त्यांना एक भाग हवा आहे, तो तुमच्या पेटीत आहे आणि तुम्ही दुसरे आहात. द्यायचा का?

१९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेच्या शर्यतीत ब्रिटनच्या नॅश आणि डिक्सन यांच्या स्लेजचा ॲक्सलचा बोल्ट तुटला. इटलीच्या युजेनिओ मोंतीनं आपल्या स्लेजचा बोल्ट त्यांना दिला. ब्रिटननं सुवर्ण जिंकलं, मोंतीला कांस्य मिळालं. माझं मत: द्यायचा. दिल्यावर जिंकलात तर आयतं म्हणायला कोणाचं तोंड उघडणार नाही.

टायरवाले काका

मनापासून पटतं, पण व्यवहार सांगतो. शाफ्ट देता येत नाही. प्रत्येक संघाची लांबी आणि दाते वेगळे. देता येतात ते सुटे भाग: चेनची जोडकडी, बोल्ट, रॉड एंड (लिंकच्या, म्हणजे जोडदांडीच्या टोकाचा फिरता सांधा). रॉड एंड देताना तीन गोष्टी बघा. मापात एम१० की एम१२, आटे उजवे की डावे (लिंकच्या एका टोकाला बहुधा डावे असतात आणि घाईत तेच चुकतं), आणि तो दोन्ही बाजूंनी पकडला जाणार का. एका बाजूनं लटकता बसवला तर पहिल्याच खड्ड्यात आट्यांपाशी वाकून तुटेल आणि तुमची मदत त्यांना आणखी दहा मिनिटं महागात पडेल.

नायलॉनवाला नट सायलेन्सरजवळ देऊ नका. उष्णतेत नायलॉन मऊ होतं आणि नट सुटतो. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट लागतो. आणि घट्ट केल्यावर नट आणि पट्टीवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून द्या. पुढच्या थांब्याला रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे त्यांना वाकूनही बघावं लागणार नाही.

पिथमपूरकर

रेवा, माझं उत्तर हो. पण एका अटीवर. शेवटच्या तासात आपल्या गाडीला लागू शकणारा एकुलता एक रॉड एंड असेल तर देणार नाही. चालक आपल्या भरवशावर आत बसला आहे. दोन असतील तर एक त्यांचा.

चौथा गिअर

आणि दोन ठेवायला कोणी अडवलं आहे? किंमत काही शे रुपये, वजन मुठीत मावेल एवढं. पेटी भरतानाच तिसरा टाकायचा.