मदत हवी आहे : १९९८ सालच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल कोल्हापुरात कशी मिळवावी?

सर्वांना नमस्कार.

माझ्या मावशीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळवण्यासाठी गेले दोन महिने माझी खटपट चालू आहे. अडचण ऐकायला किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे पुढचे सारे थांबले आहे : आमच्याकडे प्रकरणाचा क्रमांक नाही.

माझे आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. ते २००९ साली वारले, त्यानंतर आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत होते आणि गेल्या वर्षी आजीही गेली. मावशी घटस्फोटानंतर माहेरीच राहिली आणि आजीच्याच निवृत्तिवेतनावर दोघींचे घर चालत असे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार पालकांवर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला हे वेतन पुढे मिळू शकते. त्यासाठी घटस्फोट आईवडिलांपैकी एक जण हयात असताना झालेला असावा, किंवा निदान त्याचा अर्ज तरी त्यांच्या हयातीत न्यायालयात दाखल झालेला असावा, अशी अट आहे. मावशीच्या बाबतीत ही अट निर्विवाद पूर्ण होते, कारण निकाल १९९८ चा आहे. परंतु हे सांगून भागत नाही, ते न्यायालयाच्या शिक्क्यानिशी दाखवावे लागते.

मूळ नक्कल आमच्याकडे होती. शुक्रवार पेठेतल्या घरात कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, आजीच्या दोन रेशमी साड्यांच्या मध्ये ती ठेवलेली असे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही आजीला आणि मावशीला घेऊन बाहेर पडलो, ट्रंक तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडून पाहिले तर कागदांची एकमेकांना चिकटलेली वडी झाली होती. त्यातले पहिले पान मी पंख्याखाली वाळवून कसेबसे सोडवले. त्यावर न्यायालयाचे नाव वाचता येते, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, कोल्हापूर. त्याखाली ‘हिंदू विवाह अर्ज क्रमांक’ एवढी अक्षरे आहेत, मग शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा रुपयाएवढा डाग आणि डागाच्या उजव्या कडेला ‘/१९९७’. नेमका जो आकडा हवा, तोच डागाखाली गेला आहे. पक्षकारांची नावे असलेला भाग फाटून गेला.

तारीख मावशीला आठवत नाही. निकाल ऐकून आजोबांबरोबर घरी परतताना महाद्वार रोडवर नवरात्राचे मांडव घालण्यासाठी बांबू उतरवले जात होते, एवढे मात्र ती ठामपणे सांगते. ज्या वकिलांनी तिचे काम पाहिले ते आता हयात नाहीत आणि त्यांच्या कुटुंबाने जुनी कागदपत्रे ठेवलेली नाहीत.

आजवर काय केले तेही सांगतो. मावशीच्या मनात कोर्ट म्हणजे सीपीआर रुग्णालयासमोरची भाऊसिंगजी रोडवरची इमारत, म्हणून तिच्या आग्रहाखातर आम्ही प्रथम तिथेच गेलो. तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते हे वर्तमानपत्रात वाचूनही माझ्या लक्षात राहिले नव्हते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या न्याय संकुलात आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नीट ऐकून घेतले आणि क्रमांक, किंवा निदान दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावे आणि वर्ष यांसह शोध अर्ज द्यायला सांगितले. त्याआधी घरी बसून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मावशीचे नाव तीन-चार प्रकारच्या स्पेलिंगने टाकून पाहिले होते, काहीही मिळाले नाही.

माझ्या मनात पुढील शंका आहेत. क्रमांक शोधण्याचा आणखी कोणता मार्ग आहे? कोल्हापुरात आता कौटुंबिक न्यायालय आहे, तेव्हा जुन्या निकालाची नक्कल तिथे मागायची की जिल्हा न्यायालयात? मावशीला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, तर भाचा या नात्याने मी अर्ज करू शकतो का? आणि शेवटचा मार्ग म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर चालेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी

मी कोल्हापूरला नव्हतो, शेजारच्या जिल्ह्यात होतो, पण माझी बरीच वर्षे नक्कल विभागात गेली असल्यामुळे लिहितो.

आपण मावशींचे कोणते नाव शोधत आहात? आपल्या लिखाणावरून त्या माहेरी परतल्यावर माहेरचेच नाव लावत असाव्यात असे वाटते. न्यायालयाच्या दप्तरात मात्र खटला चालू असताना स्त्रीचे नाव जवळजवळ नेहमी सासरचे, म्हणजे मधे पतीचे नाव आणि शेवटी त्याचे आडनाव, असे लिहिलेले असते. दुसरे असे की अर्ज कोणी केला होता हे मावशींना नक्की ठाऊक आहे का, ते शांतपणे विचारून घ्या. पुष्कळ स्त्रिया ‘मी केस केली’ असे सांगतात तेव्हा ती केस पोटगीची असते आणि घटस्फोटाचा अर्ज नवऱ्याचा असतो. रजिस्टरात पहिले नाव अर्जदाराचे येते, त्यामुळे चुकीच्या नावाने शोधणाऱ्याच्या नजरेतून नोंद सहज निसटते.

ई-कोर्ट्सचे काम २००७ नंतर सुरू झाले. त्याआधी निकाली निघालेली सगळी प्रकरणे तिथे असतील असे गृहीत धरू नका. तरीही एकदा ‘निकाली’ हा पर्याय निवडून, वर्ष १९९७ टाकून, पतीच्या आडनावाने पाहा. पुष्कळ जण प्रलंबित प्रकरणांतच शोधत बसतात.

मांडवाच्या आठवणीला कमी लेखू नका. १९९८ साली दसरा १ ऑक्टोबरला होता, म्हणजे मांडव घालण्याचे काम सप्टेंबरच्या मध्यावर चालले असणार. दाखल वर्ष १९९७ आणि निकाल सप्टेंबर १९९८ असे शोध अर्जात लिहिलेत, तर कर्मचाऱ्याला अख्ख्या वर्षाऐवजी एका महिन्याच्या नोंदी पाहाव्या लागतील. अर्जासोबत त्या वाळवलेल्या पानाची झेरॉक्स जोडा. डाग असला तरी न्यायालयाचे नाव आणि वर्ष त्यावर आहे, आणि समोरच्या माणसाला आपण हवेत बोलत नाही हे त्यावरून पटते.

एक आणखी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मधील चौथ्या पोटकलमानुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना न्यायालयाने विनामूल्य द्यायची असते. पुरात गेली ती बहुधा तीच. आता दुसरी घेताना नकलेची फी आणि कोर्ट फी स्टॅम्प लागेल, ती रक्कम फार नसते. तातडीची नक्कल मागता येते, पण जुने दप्तर अभिलेख कक्षातून काढायलाच वेळ जातो, म्हणून तातडीच्या फीचा उपयोग किती होईल ते आधी विचारून घ्या.

प्रतिसाद, वकील, इचलकरंजी

वरील प्रतिसाद मोलाचा आहे. राहिलेल्या शंकांपुरते लिहितो.

निकाल ज्या न्यायालयाने दिला त्याचे नाव आपल्या पानावर आहे, तेव्हा शोध जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातच घ्यावा. कौटुंबिक न्यायालय नंतर सुरू झाले म्हणून आधीचे निकाली दप्तर आपोआप तिकडे गेले असे समजू नये.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायिक कागदपत्रांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायच्या असतात. त्या अर्जात आपला महिना जाईल आणि उत्तर येईल की नक्कल विभागात जा.

भाचा म्हणून अर्ज देऊ नका. आपण त्या प्रकरणात त्रयस्थ आहात. त्रयस्थाला कारण दाखवून, प्रतिज्ञापत्र देऊन नक्कल मागावी लागते, शिवाय वैवाहिक प्रकरणांबाबत कायदा मुळातच जास्त काटेकोर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत छापण्यासही मनाई आहे. मावशी स्वतः पक्षकार आहेत, त्यांचा हक्क सरळ आहे. अर्जावर सही त्यांची घ्या आणि वकीलपत्र देऊन वकिलामार्फत तो दाखल करा. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण पुष्कळांना हे माहीतच नसते. १५१०० या क्रमांकावरही प्राथमिक माहिती मिळते.

नोटरीने ‘खरी प्रत’ म्हणून शिक्का मारलेली झेरॉक्स आणि न्यायालयाची प्रमाणित नक्कल यांत गल्लत करू नका. आपल्याला दुसरी हवी आहे. हुकूमनाम्याबरोबर निकालपत्राचीही नक्कल मागून ठेवा, कारण हुकूमनामा एक-दोन पानांचा असतो आणि अर्ज कधी दाखल झाला, पक्षकार कोण, कुठे राहत होते, हा तपशील निकालपत्रात सविस्तर येतो. निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाने उद्या तोही मागितला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

प्रतिसाद, एक वाचक, गडहिंग्लज

माझ्या बहिणीच्या वेळी आम्हाला क्रमांक पोटगीच्या कागदांत सापडला. पोटगीच्या अर्जावर नवऱ्याने दिलेल्या उत्तरात ‘मी घटस्फोटासाठी अमुक क्रमांकाचा अर्ज केला आहे’ असे सरळ लिहिलेले होते. मावशींनी माहेरचे नाव राजपत्रात जाहीर करून घेतले असेल, किंवा स्वतंत्र शिधापत्रिका काढली असेल, तर तेव्हा जोडलेल्या कागदांच्या प्रती घरात कुठे आहेत का, तेही पाहावे.

मूळ धागालेखक, तीन आठवड्यांनंतर

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे याबद्दल क्षमस्व.

निवृत्त कर्मचारी काकांचा तर्क तंतोतंत खरा ठरला. मावशीला विचारले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘पोटगीचा मी केला होता रे, दुसरा त्यांचाच होता.’ सत्तावीस वर्षांत दोन प्रकरणे तिच्या मनात एकच होऊन गेली होती. आम्ही सासरच्या नावाने, दाखल वर्ष १९९७ आणि निकाल सप्टेंबर १९९८ असे लिहून, विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंमार्फत शोध अर्ज दिला. नोंद सापडली. निकाल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला निघाला, म्हणजे बांबूंची आठवणही बरोबर होती. हुकूमनामा आणि निकालपत्र या दोन्हींच्या नकला परवा हाती आल्या. मागच्या बाजूला अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तीन तारखांचा शिक्का आहे. या वेळी घरी येताच दोन्हींच्या स्कॅन प्रती काढल्या आणि मूळ कागद वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवले.

आता एक नवी शंका. नकलेत मावशीचे नाव सासरचे आहे, आणि आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आजोबांच्या सेवापुस्तकातली कुटुंबाची नोंद मात्र माहेरच्या नावाने आहे. राजपत्रात नाव जाहीर केलेले नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढ्यावर निवृत्तिवेतनाचे काम होते, की आधी राजपत्रातली जाहिरात करून घ्यावी लागते? हे ज्यांनी केले असेल त्यांनी कृपया सांगावे, म्हणजे सोमवारी अर्ज देताना तो अपुरा म्हणून परत यायला नको.