जुन्या काचेला आत्मा असतो का?

काटेकोर
'रानवाट' यांनी कासच्या पठारावर हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्सने घेतलेली छायाचित्रे परवा दाखवली आणि खाली लिहिले की, "आधुनिक लेन्स निर्जीव असतात, आत्मा असतो तो जुन्या काचेला." त्यातली दोन छायाचित्रे चांगली आहेत आणि माझा वाद त्यांच्याशी नाही, या वाक्याशी आहे. युद्धपूर्व काळातल्या जर्मन बायोटार लेन्सच्या रचनेवरून सोव्हिएत कारखान्यांनी प्रचंड संख्येने काढलेली आणि झेनिट कॅमेऱ्यासोबत मिळणारी हेलिओस ही एक साधी लेन्स होती. पार्श्वभूमी गरगरल्यासारखी दिसते, कारण कडेकडे तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठाने अंशतः अडतो आणि उजेडाचे धूसर ठिपके गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे निमुळते होतात. त्यात क्षेत्रवक्रता आणि अस्टिग्मॅटिझम या कडेचे चित्र बिघडवणाऱ्या दोषांची भर पडते. हे दोष काढून टाकण्यात प्रकाशशास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या आणि आपण मात्र त्या दोषांचीच आरती करत बसलो आहोत. शिवाय रानवाट यांचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे ही लेन्स ज्या फिल्मसाठी बनली तिच्यापेक्षा लहान सेन्सरचा आहे, त्यामुळे जिथे गिरकी सर्वांत ठळक दिसते तो चौकटीचा काठ त्यांच्या छायाचित्रात येतच नाही. मग हा आत्मा नेमका राहतो कुठे?

रानवाट
काठ कापला जातो हे मान्य. पण गिरकी कमी झाली म्हणा, नाहीशी झाली म्हणू नका. तिसऱ्या छायाचित्रात फुलामागे काही अंतरावर कारवीची झुडपे आहेत, त्यांच्या पानांमधून उजेड झिरपतो आहे आणि तिथे कोपऱ्यांकडचे ठिपके वळलेले स्पष्ट दिसतात. मुळात मी गिरकीबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते. कासवर धुके असताना माझ्या ऑटोफोकस लेन्सने दर वेळी पुढचे गवताचे पाते पकडले आणि मागचे फूल सोडून दिले. हेलिओसवर मी ॲपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, एक कडे एफ/४ वर आधीच लावून ठेवले, दुसऱ्या कड्याने ॲपर्चर पूर्ण उघडून उजळ चित्रात फोकस केला आणि डोळा न हलवता बोटानेच ते पुन्हा एफ/४ वर आणले. तो फोकस माझा होता आणि चुकला असता तर ती चूकही माझीच असती. आत्मा म्हणताना मला हे अभिप्रेत होते.

काटेकोर
फोकसचे कडे बहुतेक आधुनिक लेन्सवर असते आणि ऑटोफोकस बंद करायला एक बटन पुरते, त्यासाठी झेनिटसोबतच्या जुन्या लेन्सची गरज नाही. आता एफ/४ चा प्रश्न. या लेन्सचा कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क नसतो, त्यामुळे छायाचित्राच्या माहितीत ॲपर्चरची जागा कोरी राहते आणि आपल्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे आमच्या हाती काही उरत नाही. आणखी एक शंका आहे. या लेन्सचे सर्वांत जवळचे फोकस-अंतर अर्धा मीटर आहे. सीतेच्या आसवांचे एक सेंटिमीटरचे फूल तेवढ्या अंतरावरून सेन्सरवर जेमतेम दीड मिलिमीटर उमटते, पण आपल्या छायाचित्रात तेच फूल अर्धी चौकट व्यापते. हे कापून मोठे केले आहे का?

रानवाट
कापलेले नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये एम४२ या आट्यांच्या जोडणीच्या एक्स्टेन्शन कड्या लावल्या होत्या, ज्यांत काच नसते, नुसती पोकळ नळी असते आणि तिच्यामुळे लेन्स आणखी जवळून फोकस करते. विचारण्याआधीच संशय घेण्याची आपली पद्धत जुनीच आहे.

चिपळूणची सर
आपण दोघे आत्म्याचा शोध घेत राहा. मला एवढेच विचारायचे आहे की धुक्यात भिजलेली ती लेन्स घरी आणून आपण कुठे ठेवली? जुन्या लेन्सना पाणी अडवणारे रबर नसते, आत गेलेला ओलावा आतच राहतो आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर बुरशीला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. "अगदी नव्यासारखी" अशी खात्री देऊन एका विक्रेत्याने मला टाकुमार ही पेंटॅक्सची जुनी लेन्स पाठवली होती. टॉर्च लावून पाहिले तर मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. पैसे परत मिळाले नाहीतच, पण त्या एका लेन्सपायी कपाटातल्या इतर लेन्सनाही बुरशी लागली. म्हणून बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या पिशवीत कधीही ठेवू नये.

भिंगवाली ताई
माफ करा, पण हा संसर्गाचा सिद्धान्त मला मुळीच पटत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, आपल्या नव्या कोऱ्या लेन्सवरही असतात. ते रुजतात ते दमट हवा, अंधार आणि साठून राहिलेली हवा मिळाल्यावर. आपले कपाट दमट होते म्हणून सगळ्या लेन्स बिघडल्या. टाकुमार त्यांत पहिली होती, एवढाच तिचा अपराध. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखली तर शेजारी कोणतीही लेन्स असली तरी बिघडत नाही.

चिपळूणची सर
ताई, आपण पुण्यात राहून आर्द्रतेवर व्याख्यान देत आहात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते याची कल्पना आहे का? विजेवर चालणारी कोरडी पेटी घेऊन मी काय तिची पूजा करू?

भिंगवाली ताई
मी पुण्यात राहते हा युक्तिवाद नव्हे. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि एक साधा आर्द्रतामापक यांना वीज लागत नाही. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर तव्यावर वाळवावेत. मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड हे अपायकारक रसायन असते, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यांपासून ते दूर ठेवावेत आणि शक्यतो नारिंगी दाणे घ्यावेत. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला कोणी दिलाच तर त्याला नमस्कार करून उठावे, कारण तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही, उलट त्याची पिठी कड्यांच्या फटींत जाऊन बसते.

चिपळूणची सर
तांदळाचा विषय मी काढलेलाच नव्हता. डब्याचे मात्र आपण म्हणता तर करून पाहीन, कारण कपाटाने व्हायचे तेवढे नुकसान करून झालेले आहे. बुरशीने कोटिंग खाल्ल्यावर कितीही पुसले तरी काचेवर तिचा ठसा राहतो, आणि माझ्या लेन्सवर तर तो दुरुस्ती करणाऱ्याने घासघासून आणखी वाढवला. बुरशी लागलेली लेन्स मी तरीही वेगळीच ठेवणार, मग शास्त्र काहीही म्हणो.

काटेकोर
बुरशी, वीज आणि तांदूळ यांचा निकाल लागला असेल तर मूळ विषयाकडे येऊ. तिसरे छायाचित्र मी मोठे करून पुन्हा पाहिले. कारवीच्या पानांमधला उजेड वळलेला आहे, तो त्या फुलाला शोभतो आणि हे लिहिताना मला फारसा आनंद होत नाही. तरीही ते छायाचित्र चांगले झाले ते रानवाट पहाटे तिथे पोहोचले, वाटेवर पोटावर झोपले आणि उजेड झुडपामागून येण्याची त्यांनी वाट पाहिली म्हणून. आधुनिक ५० मिमी लेन्सनेही ते चांगलेच आले असते. आपले श्रम आपण कचऱ्याच्या भावात मिळालेल्या काचेच्या नावावर का जमा करता, हे मला कळत नाही.

रानवाट
कौतुक करताना माणसाला इतका त्रास होताना मी प्रथमच पाहतो आहे, त्याबद्दल आभारी आहे. येत्या रविवारी त्याच झुडपासमोर तिपाई लावून हेलिओस आणि नवी ५० मिमी अशा दोन्ही लेन्सनी छायाचित्रे घेतो आणि नावे न लिहिता येथे ठेवतो. कोणती कशाची हे आपण ओळखावे.

काटेकोर
मंजूर आहे, पण दोन्ही एफ/२ वर, म्हणजे हेलिओसचे ॲपर्चर पूर्ण उघडे असते त्या आकड्यावर घ्या, कारण एफ/४ ला हेलिओसची गिरकी जवळपास मावळते आणि मग परीक्षेला अर्थ उरत नाही. हेलिओसचे ५८ मिमी आणि नव्या लेन्सचे ५० मिमी यांतला फरक चौकटीवरून लगेच कळेल, तेव्हा नव्या लेन्सने किंचित पुढे सरकून फूल सारख्याच आकाराचे ठेवा. रंगांवरून ओळख पटू नये म्हणून दोन्ही कृष्णधवल करा. आणि तिपाई वाटेवरच लावा, फुलांत नको.