अभंगांच्या अल्बमला बारकोड कुठून घ्यावा? (बजेट ३ हजार)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या आमच्या गावात बाबांचं भजनी मंडळ आहे. तुकोबांचे सहा अभंग रेकॉर्ड केलेत, चाली बाबांच्या. आषाढीच्या आत स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिकवर टाकायचेत. शिवाय शंभर पेनड्राइव्ह दिंडीत वाटायचेत. डिस्ट्रिब्युटरचा (गाणी तिथे पोचवणाऱ्या कंपनीचा) फॉर्म भरताना 'यूपीसी' (अल्बमचा बारकोड नंबर) आणि 'आयएसआरसी' (एकेका रेकॉर्डिंगचा कोड) या दोन रकान्यांपाशी अडलोय. बारकोड विकत घ्यावा का? कुठून? आणखी एक, यातला एक अभंग पुतण्याने गेल्या वर्षी सिंगल म्हणून टाकला होता, चाळीस हजारांवर वाजलाय. त्याला नवा कोड लागेल? बजेट ३००० रुपये, तेही मंडळाच्या पेटीतले.

सूरबहार_नाशिक
३ हजारांत काय होतंय! आम्ही नुसत्या मिक्सिंगला ४० हजार घातले. माझं ऐका, स्वतःचं लेबल काढा, बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नाव नोंदवा, स्वतःचे बारकोड घ्या. दरवर्षी फी असते, पण नंबर ८९०ने सुरू होतो, म्हणजे भारतात बनलेला माल. अभिमान वाटतो.

तिरपागडा
८९०चा अर्थ तो नाही हो. नंबर जीएस१ इंडियाने दिलाय, एवढंच. माल कुठे बनला हे त्यावरून कळत नाही.

वैजू_ठाणे
कशाला पैसे घालवता दादा? डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरताना यूपीसीचा रकाना मोकळा सोडा, बहुतेक जण स्वतःहून नंबर देतात. आयएसआरसीचंही तेच. मी तीन सिंगल काढली, कोडसाठी एक रुपया दिला नाही.

खटपट्या
रुमाल टाकून ठेवतो, माझंही हेच अडलंय.

पेटीमास्तर
इंटरनेटवर दहा-वीस रुपयांत बारकोड विकणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मी घेतला होता. डिस्ट्रिब्युटरने कळवलं, हा नंबर आधीच कुणाच्या तरी रिलीजला लागलाय. वीस रुपयांपायी दिवाळी गेली, गाणं देवदिवाळीला आलं.

वैजू_ठाणे
म्हणूनच म्हटलं, मोकळा सोडा.

ढोलकीवाला_सातारा
आमची गंमत ऐका. सीडीच्या कव्हरावर डिझायनरने नमुना म्हणून ८९०१२३४५६७८९० टाकला आणि बदलायला विसरला. ५०० कव्हरं छापून आली. शेवटचा आकडा तपासणीचा असतो ना? पहिले बारा आकडे आळीपाळीने १ आणि ३ने गुणा, बेरीज १३०, म्हणजे तपासणीचा आकडा ०. नमुना म्हणून टाकलेला नंबर हिशोबात चोख बसत होता! त्यामुळे दुकानात मशीन निमूट 'टिंग' झालं आणि बिलावर आलं 'धूप १०० ग्रॅम'. त्यांच्या संगणकात कुणीतरी तोच नंबर धुपाला देऊन ठेवला होता.

माऊली_८२
😂😂 आमच्याकडे बारकोड भगव्यात छापला, पांढऱ्या कागदावर. दिसायला झकास, पण वाचलाच जाईना. स्कॅनरचा उजेड लाल, त्याला भगव्या रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात. रेघा काळ्याच ठेवा, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.

तबकडीप्रेमी
हे सगळं आमच्या वेळीही होतंच. माझ्याकडे चौदाशे तबकड्या आहेत, कुणाला यायचं असेल तर या. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. तो कॅटलॉग नंबर, विकायच्या वस्तूचा. आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक कोरलेला असतो तो मेट्रिक्स नंबर, त्यावरून रेकॉर्डिंग ओळखायचं. तबकडी उजेडात तिरकी धरली की दिसतो. तुमचा यूपीसी म्हणजे पहिला, आयएसआरसी म्हणजे साधारण दुसरा. हल्लीच्या पोरांना नवीन वाटतं.

लेखापाल
काकांनी नेमकं सांगितलं. म्हणूनच कृष्णाकाठ, पुतण्याच्या गाण्याला नवा आयएसआरसी घेऊ नका. रेकॉर्डिंग तेच, तर कोड तोच, मग ते सिंगलमध्ये असो नाहीतर अल्बममध्ये. अल्बमला यूपीसी मात्र वेगळा लागेल. जुना आयएसआरसी पुतण्याच्या डिस्ट्रिब्युटर खात्यात सापडेल. रकाना मोकळा सोडलात तर नवा कोड पडेल आणि चाळीस हजार जुन्या जागीच राहतील. गाण्याचं नाव, गायकाचं नावही अक्षरन् अक्षर तेच लिहा. उरलेल्या पाच अभंगांचे आयएसआरसीचे रकाने खुशाल मोकळे सोडा.

सूरबहार_नाशिक
आयएसआरसी घेतला की कॉपीराइट आपला होतो, म्हणून स्वतःचाच घ्यावा.

लेखापाल
नाही हो. आयएसआरसी म्हणजे गट नंबर, सातबारा नव्हे. कोड बारा अक्षरांचा: आधी दोन अक्षरं, भारतात सहसा आयएन, मग घेणाऱ्याची तीन, वर्षाचे दोन आकडे, शेवटी पाच आकडे. मालकी त्यात कुठेही लिहिलेली नसते. स्वतःचाच हवा तर आयएमआयकडे (इंडियन म्युझिक इंडस्ट्री, रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) अर्ज करावा लागतो. सहा अभंगांसाठी कशाला?

खटपट्या
वर्ष म्हणजे रेकॉर्डिंगचं ना?

लेखापाल
कोड दिला ते वर्ष. १९७० सालचं रेकॉर्डिंग असलं तरी कोड यंदा घेतला तर यंदाचेच आकडे.

माऊली_८२
गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहून टाका, पटकन पास होतं.

गाथावाचक
पारंपरिक??? तुकोबांनी बहुतेक अभंगांत 'तुका म्हणे' लिहून ठेवलंय ते कशासाठी? संत तुकाराम असंच लिहा.

तिरपागडा
अहो, कॉपीराइट उरलेला नाही म्हणून म्हणतायत ते.

गाथावाचक
कॉपीराइट संपला म्हणजे नावही संपलं का? इंद्रायणीत वह्या बुडवल्या तेव्हाही नाव गेलं नाही.

वैजू_ठाणे
अवांतर होतंय. दादा, रकाना मोकळा सोडा. (यूपीसीचा. तुकोबांचा नव्हे.)

लेखापाल
शब्द तुकोबांचे, पण चाल बाबांची आहे. संगीतकार म्हणून बाबांचं नाव आठवणीने घाला. पुढे आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घेऊन चाली नोंदवता येतील. त्या रचनांचा कोड वेगळा, आयएसडब्ल्यूसी, टी अक्षराने सुरू होतो. हा धागा वाचून झाला की लोक हे तिन्ही पुन्हा एकत्र कालवणार, मला माहीत आहे.

पेटीमास्तर
पेनड्राइव्हच्या पाकिटावर डिजिटलवाला बारकोड छापू नका. ती वेगळी वस्तू आहे, दुकानात विकायची तर तिला वेगळा नंबर हवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. यूपीसी मोकळा सोडला. पेनड्राइव्ह फुकटच वाटायचे आहेत, त्यामुळे पाकिटावर बारकोड नाही. गीतकार संत तुकाराम, संगीतकार बाबा.
पुतण्याकडून जुना आयएसआरसी काढला, फॉर्ममध्ये भरला आणि बाबांना दाखवला. ते म्हणाले, "त्यात दुसऱ्या कडव्याला मी खोकलोय. पखवाजही उतरलाय." चाळीस हजारांचं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे चाळीस हजारदा खोकलो." रविवारी पुन्हा रेकॉर्ड करतोय, तीन हजार स्टुडिओला जाणार.

लेखापाल
अहो, चाळीस हजार! विचार करा. आणि केलंतच, तर जुना कोड फॉर्ममधून आधी काढा. नवं रेकॉर्डिंग, नवा आयएसआरसी.

कृष्णाकाठ
काढला.

सूरबहार_नाशिक
मिक्सिंगचं काय ठरलं? ४० हजारांचा माणूस आहे माझ्याकडे.