शॉकअप बदलताना ब्रेकचा पाइप उघडावा का?

बोरीकाठ, अमळनेर
नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप घरच्या अंगणातच बदलायचे आहेत. शॉकअपला जोडलेल्या पट्टीच्या बंद कडीतून ब्रेकचा रबरी होज जातो, त्यामुळे तो सोडवल्याशिवाय शॉकअप निघणार नाही असे दिसते. होज लोखंडी पाइपला जिथे मिळतो तेथील १० मिमीचा नट गंजला असून फिक्स पान्याने जोर लावताच त्याचे कोपरे झिजू लागतात. तो नट उघडावाच लागेल का? आणि ब्रेक ऑइल सांडू नये म्हणून होज पक्कडीने दाबून ठेवला तर चालेल का? लवकरच छत्रपती संभाजीनगरला जाणे आहे आणि परतीला कन्नडचा घाट उतरायचा आहे, म्हणून आधीच विचारतो.

भडगावचा मिस्त्री
भाऊ, नटाला हात लावण्याआधी नवा शॉकअप खोक्यातून काढून त्याची पट्टी पाहा. पुष्कळदा ती एका बाजूने उघडी असते आणि होज तिच्यात बसवून वरून क्लिप लावायची असते. तसे असेल तर जुनी कडी हॅक्सॉने कापा, कारण तो शॉकअप भंगारातच जायचा आहे. मात्र होजवर पत्र्याचा तुकडा धरा आणि ग्राइंडर वापरू नका, त्याच्या ठिणग्या रबर जाळतात. कॅलिपर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेक पॅड दाबणारा भाग, सोडावा लागला तर तो होजवर लोंबकळू न देता तारेने वर बांधा आणि तेवढ्या वेळात कोणी पेडल दाबणार नाही, हे पाहा, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

नवी पट्टीही बंदच निघाली, तर कॅलिपरकडचा बँजो बोल्ट (होजचे टोक कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) उघडून होजचे ते टोक कडीतून जाते का, ते मोजून पाहा. जात असेल तर गंजलेल्या नटाशी झटापटच नको. बोल्ट परत बसवताना दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर घाला.

भुसावळकर
पक्कडीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. होज मुळीच दाबू नका. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतला थर फाटला तर त्याची चिंधी झडपेसारखी वागते आणि पेडल सोडल्यावरही चाक जाम राहते. त्याऐवजी सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पेडल थोडे दाबलेले ठेवावे. त्याने मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या भागातले, छिद्र बंद होते आणि वरच्या टाकीतले ऑइल खाली वाहून जात नाही. ब्रेकचे दिवे जळत राहतील, म्हणून बॅटरीची तार काढावी.

नट उघडणे भागच पडले, तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबावे आणि पाइपच्या नटासाठीचा खाच असलेला रिंग पाना आणावा, तो नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरतो. नटाबरोबर पाइपही फिरू लागला तर लगेच थांबावे. पिळलेला पाइप बदलावाच लागतो आणि तिथे फ्रिजचा तांब्याचा पाइप बसवणे हा जिवाशी खेळ आहे. ब्रेकसाठीच बनवलेला पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्यावा आणि त्याचे फ्लेअर, म्हणजे जोडणीसाठी पसरवलेले टोक, मूळ पाइपसारखेच करावे.

राहिला घाट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली की पेडल दाबून उपयोग होत नाही. म्हणून पाइप उघडला नाही तरी ऑइल जुने असेल, तर बदलून घ्यावे.

बोरीकाठ, अमळनेर
आभारी आहे. नव्या शॉकअपची पट्टी उघडीच निघाली, तेव्हा जुनी कडी कापणार आहे. ऑइलही बदलतो, पण हवा काढताना पेडल पूर्ण तळापर्यंत दाबायचे का?

भडगावचा मिस्त्री
जुन्या गाडीत नको. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी पोहोचत नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावर घासून सील खराब होते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, टाकी रिकामी होऊ देऊ नका आणि ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.